काट्यावरचा सूर

गुरुवार, ५ ऑक्टोबर

ताई,

काल चार वाजता पुन्हा एकदा मेलो आणि पाच वाजता जिवंत झालो. तू रेडिओच्या त्या बाजूला असतेस, म्हणून आज या बाजूचं सांगतो.

तुला निवेदकाचा तो गुळगुळीत आवाज येतो. 'मोठ्या चर्चमधून सायंकाळची उपासना, थेट.' मग शांतता. मग मी. ती मधली शांतता तुला किती वाटते गं? चार सेकंद? या बाजूला ती चार वर्षांची असते. सगळा गायकवृंद माझ्या मागे आणि मी खांबापाशी एकटा. ऑर्गन गप्प. हातात बाबांचा नादकाटा. तो गुडघ्यावर मारायचा, कानाशी धरायचा, सूर मनात घट्ट पकडायचा. मग दिवेवाला, म्हणजे तो रेडिओचा माणूस, तीन बोटं दाखवतो, दोन दाखवतो, एक दाखवतो, लाल दिवा लागतो, आणि पहिली ओळ मी एकट्यानं उचलायची. ओळ तरी कुठली? देवा, आमचे ओठ तूच उघड, अशा अर्थाची! तोतऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकी हीच ओळ यावी, म्हणजे देवालाही थट्टा सुचते.

गाताना माझं अडत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण गाण्याआधीच्या श्वासात मी तोतराच असतो, आणि रेडिओवर तो श्वाससुद्धा जातो.

गायकवृंदाच्या मास्तरांना विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "ठीक." 'ठीक'च्या पुढचा शब्द त्यांच्याकडे नाहीच. माझ्या मागे ती दातांची डॉक्टरीण उभी असते. दिवसभर लोकांची तोंडं उघडते आणि बुधवारी आमच्यात बायकांच्या खालच्या पट्टीत गाते. ती "छान झालं" म्हणते, पण ती रडणाऱ्या रोग्यालाही तेच म्हणत असणार.

म्हणून तू. बाबांचा जोडीतला दुसरा काटा तुझ्याकडे आहे. तू तो रेडिओशी लावून ऐकतेस आणि एक शब्द लिहितेस: काट्यावर, चढला, किंवा उतरला. त्या एका शब्दावर माझा आठवडा निघतो. खांबापाशी उभा असताना मला देव दिसत नाही, खोटं कशाला बोलू. तुझ्या खोलीतला लाकडी रेडिओ दिसतो आणि त्याच्यापुढे स्टुलावर तू. तू ऐकतेयस म्हणून ओठ उघडतात. तू ऐकत नसशील त्या दिवशी सगळ्या देशासमोर माझं त त प प होणार, हे लिहून ठेव.

रविवारी धीर करून फोन केला होता. तुझ्या खालच्या शिंपीणबाईंनी उचलला. म्हणाल्या, ताई पत्रच लिहायला सांगतात. बरंच झालं म्हणा, 'मी तिचा भाऊ' एवढं सांगेपर्यंतच त्या दोनदा "कोण? कोण?" करून दमल्या होत्या.

शब्द लवकर पाठव.

तुझा बोबड्या


रविवार, ८ ऑक्टोबर

बोबड्या,

काट्यावर. झालं समाधान? आता जेव.

पण स्तोत्र तेवढं धावलं तुमचं. बाबा असते तर ऑर्गनचा भाता सोडून पुढे आले असते. आठवतं ना काय म्हणायचे? ओळ अर्धी झाली की थांबायचं. तेवढी ओळ देऊळ परत म्हणतं, ती ऐकायची, मगच पुढची अर्धी. तुमच्या मास्तरांना कुठली गाडी पकडायची असते कोण जाणे.

माझं बरं चाललंय. मुलींच्या शाळेतला पियानो जुळवून आले. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, वरचे सूर टोचतात. मी म्हटलं, तुमचे कानच नुकते टोचलेले असतील. हसल्या नाहीत. पुन्हा येऊन बघते म्हटलं.

रेडिओला धाप लागलीय. आवाज पार शेवटापर्यंत पिळावा लागतो. शिंपीणबाई खालून झाडूनं छत ठोकतात, ते मला तळपायाला कळतं. फोनच्या फंदात पडू नकोस. तू तिकडे त त प प करणार आणि मी इकडे 'काय? काय?' करणार. आपलं पत्रच बरं.

आणि घाबरायचं नाही. मी इथे आहे ना?

ताई


गुरुवार, १२ ऑक्टोबर

ताई,

काल झाली उपासना. कशी झाली ते तूच लिही. मी काहीच सांगत नाही. वाट्टेल तेवढं रागव, पण लवकर लिही.

बोबड्या


रविवार, १५ ऑक्टोबर

बोबड्या,

रागवू कशाला? काट्यावर होतास! पहिला शब्द जरा थरथरला, पण लगेच सावरलास. ओळ संपवलीस ती छान खाली आणून ठेवलीस, झोपलेलं मूल ठेवतात तशी. आज रेडिओवर पुन्हा लागली तेव्हाही ऐकली. शाब्बास.

इकडे एक वेंधळेपणा झाला. केटल गॅसवर ठेवली आणि जळून कोळसा. खोलीभर धूर. शिंपीणबाई वर आल्या तेव्हा मी तिथेच बसून वाचत होते! त्या म्हणाल्या, शिट्टीनं सगळी चाळण झाली आमच्या डोक्याची, आणि तुम्ही शेजारी बसून? असो. नवी आणली.

ताई


गुरुवार, १९ ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

मास्तर एक वही करताहेत, जुन्या आठवणींची. त्यांना काही माहिती हवी आहे, तर न बघता, न विचारता लिही. बाबा भाता मारायचे त्या माळ्याच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या? आईच्या धाकट्या बहिणीला आपण काय म्हणायचो? हे पत्र तुझ्या हातात पडेल त्या दिवशी वार कोणता? आणि परवा दुपारी तू काय जेवलीस?

आईची आठवण येते हल्ली. शेवटी शेवटी ती न आलेल्या पाहुण्यांना चहा विचारायची, आठवतं? किती नीट बोलायची त्यांच्याशी. आपल्यालाच वाटायचं, कुणी खरंच बसलंय की काय खुर्चीत.

शिंपीणबाईंना सांग, मी पत्र लिहिणार आहे त्यांना. सहजच.

बोबड्या


रविवार, २२ ऑक्टोबर

बोबड्या,

खोटं बोलायचं तर नीट शिकून तरी घे. मास्तरांची वही म्हणे! मास्तरांना माझ्या दुपारच्या जेवणाशी काय करायचंय?

पायऱ्या एकोणीस, विसावी तुटकी. मावशी म्हणजे ठसका, कारण ती आली की आई खोकायची. पत्र पडलं तो वार शुक्रवार. परवा भात आणि भाजी, भाजीत मीठ जास्त. खाली वाटीभर दिली तर शिंपीणबाईंनी परत पाठवली. झालं? की एकोणीसचा पाढा म्हणून दाखवू?

आईचं झालं तसं माझं झालेलं नाही. तुझ्या मनात तेच आहे ना? मला दोन दिवस झोप नाही तुझ्या त्या चार प्रश्नांनी. शिंपीणबाईंना पत्रबित्र लिहायचं नाही. मी एकटी राहते, माझं मी बघते, आणि ते तसंच राहणार.

आडून आडून विचारू नकोस. काय झालंय?

ताई


मंगळवार, २४ ऑक्टोबर

ताई,

सांगतो. लिहिताना तरी अडत नाही हे माझं नशीब.

अकरा तारखेला मी गायलोच नाही.

काटा मारला, सूर मिळाला. दिवेवाल्यानं तीन बोटं दाखवली, दोन दाखवली, आणि माझा गळा मिटला. सर्दी नाही, काही नाही. नुसती भीती. लाल दिवा लागला आणि मी तोंड मिटून उभा. तेवढ्यात खांद्यावर हात आला. डॉक्टरीणबाईंनी मला अलगद बाजूला सरकवलं, दातांच्या खुर्चीत बसवतात ना तसं, आणि ओळ त्यांनी म्हटली. अठरा तारखेलाही त्यांनीच म्हटली. मी मागच्या रांगेत.

बाईचा आवाज होता, ताई! तू मला जन्मल्यापासून ओळखतेस.

लाजेनं मी तुला कळवलं नाही. म्हटलं, तू ऐकलंच असणार, सणसणीत पत्र येईल, चार शिव्या खाईन आणि मोकळा होईन. पाकीट उघडलं तर 'काट्यावर'. 'पहिला शब्द थरथरला.' शाब्बास! आधी वाटलं, तू ऐकलंच नसशील, कामात असशील. पण तू तर शब्दाशब्दाचं लिहिलंस, दोनदा ऐकली म्हणालीस. म्हणजे तुला माझा आवाज ऐकू आला. जो नव्हता तो. त्यात ती केटल. मला आईची खुर्चीच दिसायला लागली.

तुझी उत्तरं सगळी बरोबर आहेत. मग काय आहे ते तू सांग. मी रागावणार नाही. मला फार भीती वाटतेय.

बोबड्या


गुरुवार, २ नोव्हेंबर

बोबड्या,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही. कागद काढायची, तारीख घालायची, फाडायची.

मला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. आता सगळं लिहिते.

एप्रिलमध्ये सुरू झालं. वाटलं, मळ असेल. मग वरच्या तारा गेल्या. तुला माहीत आहे, दोन तारा जुळत नसल्या की मधे लाट उठते, वाँव वाँव करत. ती मोजत मोजत शांत करायची, एवढाच तर माझा धंदा. ती लाटच येईना. हाताच्या सवयीवर जुळवत गेले. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे कान अगदी नीट होते रे. टोचत होते ते माझेच सूर. त्यांच्याकडे परत गेलेच नाही.

सप्टेंबरपर्यंत रेडिओ म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज झाला होता. आणि नेमकं तेव्हा तुझं पत्र आलं, मला ती ओळ एकट्यानं म्हणायला दिलीय, तू ऐक. काय लिहिणार होते मी? रेडिओच्या पाक्षिकात सगळं छापलेलं असतं: स्तोत्राचा आकडा, कुणाची चाल, पहिली ओळ कोण म्हणणार. ते पुढ्यात ठेवायचं, घड्याळ बघायचं, आणि चार वाजता तुला मनातल्या मनात गायला लावायचं. मनातला तू कधीच उतरत नाहीस.

तू एकट्यानं म्हटलेली ती ओळ मी एकदाही ऐकलेली नाही. एकदाही नाही. माझे सगळे 'काट्यावर' खोटे होते. तुझ्या तोतरेपणाचा मी आडोसा केला. तू फोन टाळायचास आणि मला लपायला जागा मिळायची. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही म्हणतात, माझ्या बाबतीत ते जरा जास्तच खरं झालं.

आता भीतीचं सांगते, कारण ती तुला कळते.

परवा मी खिडकीकडे तोंड करून पियानोच्या तारेवर पडणारी एक हातोडी घासत बसले होते. मानेला वारा लागला. वळले तर माझ्या मागे, हाताच्या अंतरावर, एक माणूस उभा. मी किंचाळले. तो मीटर बघायला आलेला. पाच मिनिटं दार बडवलं म्हणे, मग काही बरंवाईट झालं असेल म्हणून शिंपीणबाईंनी त्यांच्याकडची किल्ली दिली. बिचारा माझ्याहून पांढरा पडला होता. त्या दिवसापासून मी खुर्ची फिरवलीय. पाठ भिंतीला, तोंड दाराला. जेवतेही तशीच. रस्ता ओलांडताना चार-चारदा मागे बघते, लोकांना वाटतं कुणी पाठीवर आहे. सायकलवाले येऊन शिव्या देतात तेव्हा फक्त त्यांची तोंडं हललेली दिसतात.

आणि मजा बघ. केटलची शिट्टी येत नाही, पण टोस्ट चावला की डोक्यात दगड फोडल्यासारखा आवाज होतो. स्वतःचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. कान गेला की डोकं गेलं, मलाच कळेना.

डॉक्टरकडे गेले नाही. तो 'नाही' म्हणाला तर? अजून कुणी म्हटलेलं नाही, तेवढ्यावर मी दिवस काढतेय.

तू माझ्या ऐकण्यावर उभा होतास आणि मी तिथे नव्हते. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

ताई


सोमवार, ६ नोव्हेंबर

ताई,

तू रागावशील, पण मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. दहा मिनिटं लागली, अर्धी 'त'वर आणि अर्धी 'क'वर. त्यांनी मधे एकदाही वाक्य पुरं केलं नाही माझं. टोस्टचं सांगितलं तशा त्या थांबल्या. म्हणाल्या, "टोस्ट? नक्की टोस्ट?" मग माझा काटा घेतला, गुडघ्यावर मारला आणि त्याची दांडी सरळ माझ्या पुढच्या दातांवर टेकवली. अगं, सगळं डोकं वाजलं! कानात काही न जाता.

त्या म्हणाल्या, आवाज कानाच्या वाटेनं जातो तसा हाडातूनही जातो. नुसती वाट बुजली असेल तर हाडातून ऐकू येतं. आतलं मूळच सुकलं असेल तर कुठूनच येत नाही. "मी दातांची आहे, कानाची नाही," असंही बजावलं. "खरं काय ते कानाचा डॉक्टरच सांगेल. पण काटा तर बहिणीच्या घरात आहे ना?"

तर ताई, हे कर. काटा मार. कानाशी धर. मग पुन्हा मार आणि दांडी कानामागच्या हाडावर टेकव. कुठे मोठा वाजतो ते लिही. खरं लिही या वेळी.

तुझा हा राग मला सहन होईल. तुझं गप्प बसणं होणार नाही. पोस्टमन आला की मी जिन्यातच उभा असतो.

बोबड्या


शुक्रवार, १० नोव्हेंबर

बोबड्या,

पत्र बुधवारी मिळालं. काटा दोन दिवस टेबलावर पडून. मी त्याच्याकडे बघायची आणि भांडी घासायला उठायची. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. आयुष्यभर जो काटा रोज शंभरदा हातात घेतला, त्याला शिवायची हिंमत होईना.

आज सकाळी दाराला कडी लावली. काटा मारला, कानाशी धरला. बोटांना थरथर लागत होती, म्हणजे वाजत होता. कानात काही नाही. धरून ठेवला, थरथर संपेपर्यंत. काही नाही. इथेच थांबावं असं वाटलं. बाबांची शपथ, काटा खाली ठेवलासुद्धा.

मग पुन्हा उचलला, मारला, आणि कानामागे टेकवला.

अरे, आला! तो! बाबांचा सूर, डोक्याच्या मधोमध, लख्ख! मी मटकन जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. शिंपीणबाई धावत वर आल्या, दार बडवत असतील, मला काय कळणार? मी काटा मारतेय, टेकवतेय, रडतेय. शेवटी दाराखालून त्यांनी कापड मोजायची लाकडी पट्टी आत सरकवून हलवली तेव्हा दिसलं.

त्या पट्टीवरूनच सुचलं. एक टोक रेडिओच्या पेटीला लावलं, दुसरं दातात धरलं. माणूस बोलत होता! म्हणाला, उद्या आकाश ढगाळ राहील. ढगाळ! सहा महिन्यांत इतका सुंदर शब्द ऐकला नव्हता.

कानाच्या डॉक्टरकडे सोमवारी जाते. शिंपीणबाई बरोबर येताहेत. पट्टी त्यांना परत दिलेली नाही.

ताई


गुरुवार, १६ नोव्हेंबर

बोबड्या,

कानाच्या डॉक्टरनंही पहिल्यांदा खिशातून काय काढलं असेल? काटा! मी म्हटलं, तुमचा सूर माझ्या सुराशी जुळत नाही. त्यानं वहीत लिहून दाखवलं, 'बाई, तुम्हाला हे कळलं यातच अर्धं निदान झालं.'

आत एक तांदळाएवढं हाड असतं, ते घट्ट बसलंय, हलत नाही. ते काढून त्या जागी बारीकसं काहीतरी बसवायचं. आधी एक कान, मग वर्षभरानं दुसरा. बहुतेकांना ऐकू येतं. पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो. मग हाडातूनही नाही, पट्टीनंही नाही. हेही त्यानं लिहून दाखवलं आणि खाली रेघ मारली.

ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही. तो शंभरातला एक मीच, असं वाटत राहतं. नको म्हणावं, पट्टी दातात धरून उरलेले दिवस काढावेत, असंही वाटतं. पण पियानो दातात धरून जुळवता येत नाही, आणि माणसाच्या छातीला पट्टी लावून गप्पा मारता येत नाहीत.

तेवीस तारीख ठरली. गुरुवार, सकाळी आठ.

एक मागते. बावीसला बुधवार आहे. तू गा. कानाला हात लागण्याआधी मला ती ओळ ऐकायचीय. या वेळी खरंच ऐकणार आहे, पाक्षिक आणलेलंच नाही. भीती वाटेल तुला. मलाही वाटतेय.

ताई


शनिवार, १८ नोव्हेंबर

ताई,

मास्तरांना सांगितलं, बुधवारी मी. ते म्हणाले, "ठीक."

डॉक्टरीणबाई म्हणतात, इतके दिवस कुणी ऐकत नसतानाच तुम्ही गायलात, म्हणजे येतंय ना तुम्हाला! त्यांना समजत नाही. सप्टेंबरभर मी ज्या कानाच्या आधारानं उभा होतो तो नव्हता, हे कळल्यापासून पायाखालची फरशीच काढल्यासारखं झालंय. आणि बुधवारी तो आधार असेल, खराखुरा, आणि कदाचित शेवटचाच. आरशासमोर उभा राहतो, काटा मारतो, आणि गळा मिटतो. काल तीनदा मिटला.

ओठ उघडले नाहीत तर? तू पट्टी चावून बसशील आणि बाईचा आवाज येईल. तसं झालं तर एवढं समज, मी तिथून दोन हातांवर उभा आहे आणि प्रयत्न करतोय.

उपासना संपली की तसाच गाडीत बसतो. गुरुवारी सकाळी सहाला तुझ्या दारात. दार बडवणार नाही. दाराखालून रुमाल हलवीन.

बोबड्या


बुधवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळचे सव्वापाच

बोबड्या,

हे पत्र पेटीत टाकत नाही. उद्या तू दारात उभा राहशील, तुझं त त प प होईल, आणि मला ते ऐकू येणार नाही. दोघांची पंचाईत. म्हणून दार उघडलं की आधी हे तुझ्या हातात देणार आहे. उंबऱ्यावरच वाच.

पावणेचारपासून पट्टी दातात धरून बसले. लाळ हनुवटीवरून खाली, मांडीवर टॉवेल. शिंपीणबाई शेजारी. त्यांना म्हटलं, आज तुम्हीच छताच्या या बाजूला आहात, आता ठोका बघू! त्यांनी माझे हात आपल्या हातात धरून ठेवले.

निवेदक बोलला. गप्प झाला. मी मोजायला लागले. चार. पाच.

आणि टण्ण!

दगडावर. साऱ्या देशानं ऐकलं असेल. शिंपीणबाईंनी खुणेनं विचारलं, किल्ल्या पडल्या का? मी नाही म्हणून मान हलवली. माझ्या काट्याचा जुळा भाऊ आहे तो, मला नाही कळणार? घामानं सुटला तुझ्या हातातून. म्हणजे सूर गेला, आधार गेला. सात. आठ. आता तिचा आवाज येणार, मी मनात म्हटलं, येऊ दे, बिचारा प्रयत्न करतोय. पट्टी इतकी चावली की तिच्यावर दातांचे वळ उठलेत, उद्या बघ. नऊ. दहा.

आणि तू आलास.

पहिल्या शब्दाआधीचा तो तोतरा श्वाससुद्धा आला मला. मग ओठ उघडले. बाबांसारखा आवाज आहे रे तुझा, जरा जाडसर, कडेला किंचित फाटलेला. मनातला तू तसा नव्हतास. मनातला गुळगुळीत होता, त्या निवेदकासारखा. हा खरा. मला रडू आलं, पण रडलं की पट्टी सुटते, म्हणून थांबले.

आता तुला हवा तो एक शब्द.

उतरला.

चांगला अर्ध्या सुराएवढा उतरलास, गाढवा! आणि सगळ्या गायकांना आपल्याबरोबर खाली घेऊन गेलास. स्तोत्राला ऑर्गन आला तेव्हा सगळे दचकून पायरी चढले, ते इथपर्यंत ऐकू आलं. मास्तर नक्की 'ठीक' म्हणाले असतील. ठीक नव्हतं. पण स्तोत्रात प्रत्येक ओळीच्या मधे थांबलात. देवळाला बोलू दिलंत. ते मी ऐकलं. हे कुठल्याच पाक्षिकात छापलेलं नव्हतं.

उद्याची भीती आहेच. पण काही झालं तर दुसरा कान आहे, आणि तोही गेला तर तुझी ती ओळ आता माझ्याकडे आहे, उतरलेली का होईना. ती मनातून बनवलेली नाही.

पुढच्या वेळी काट्याला दोरी बांध आणि गळ्यात घाल.

आता आत ये. मला सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, पण तुझ्यासाठी चहाचं पाणी ठेवीन. तेवढं केटलकडे तू कान दे.

ताई